माळ्यावरचा संगणक आणि लांबच्या लेकी

शिरोळहून आमच्या बचत गटातल्या आम्ही सगळ्याजणी आज तुमच्याशी बोलतोय.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आपण कुणीच विसरलेलो नाही. पंचगंगा आणि कृष्णा दोन्ही गावात शिरल्या. घरं सोडताना आम्ही जनावरं सोडवली, दागिने कमरेला बांधले, रेशनकार्ड पिशवीत घातलं. लग्नाचे अल्बम मात्र कपाटातच राहिले. पाणी ओसरल्यावर फोटोंचे कागद एकमेकांना चिकटलेले, चेहरे पुसून गेलेले. २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं, तेव्हा आम्ही ठरवलं की आता आठवणीही उंचावर ठेवायच्या.

आमच्यातल्या एका मावशींकडे त्यांच्या सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या फोनवर भरलेल्या होत्या. सासूबाई आता नाहीत. महाराष्ट्रातल्या बायांच्या एक लाखाहून जास्त ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी सुरू केलेल्या कामातून जमा झाल्या. आपल्या घरातल्या मात्र आपणच जपायला हव्यात. मावशींची एक लेक पुण्यात, दुसरी जर्मनीत. दोघींनाही आजीचा आवाज हवा होता. फोनवरून पाठवलं की व्हिडिओ बारीक होऊन धूसर दिसतो, आणि फोन बिघडला की सगळंच जातं.

मग एक जुना लॅपटॉप घेतला, त्याला दोन टीबीची हार्ड डिस्क जोडली आणि माळ्यावर ठेवला. लॅपटॉप अशासाठी की त्याला स्वतःची बॅटरी असते, लाईट गेली तरी लगेच बंद पडत नाही. वीजही कमी लागते. वीस वॅटचा लॅपटॉप दिवसरात्र चालू ठेवला तर महिन्याला साधारण १४ युनिट होतात. त्यात जेलीफिन नावाचं मोफत सॉफ्टवेअर टाकलं. फोटो, ओव्या, बारशाचे व्हिडिओ ते नीट लावून दाखवतं. घरातल्या टीव्हीवर पहिल्याच दिवशी दिसलं.

पुण्याच्या लेकीला मात्र काही दिसेना. इथं आम्ही आठ दिवस अडकलो. कारण असं निघालं की बऱ्याच नेट कंपन्या पुष्कळ घरांना मिळून बाहेरचा एकच पत्ता देतात. एका वाड्याला एकच घरनंबर आणि आत वीस बिऱ्हाडं, तर पोस्टमननं पत्र द्यायचं कुणाला? यावर उपाय म्हणजे टेलस्केलसारखं ॲप. आपल्या संगणकात आणि लेकीच्या फोनमध्ये ते टाकलं की ओळख पटवून दोघांमध्ये खाजगी वाट तयार होते. घरगुती वापराला ते मोफत आहे. राउटरची दारं सगळ्या जगाला उघडी टाकण्यापेक्षा हे बरं.

दुसरी अडचण वेगाची. नेट घेताना सांगतात तो वेग बहुतेक वेळा आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा असतो. लेकीला दाखवायचं तर आपल्याकडून बाहेर जाणारा वेग बघावा लागतो. चांगल्या व्हिडिओला साधारण चार एमबीपीएस लागतात. दोघी एकाच वेळी बघणार असतील तर आठ. तासाभरात सुमारे १.८ जीबी डेटा जातो, म्हणून प्लॅनची मर्यादा आधी विचारा.

तिसरी गोष्ट. नव्या फोनमधले व्हिडिओ कधी कधी अशा प्रकारचे असतात की जुना टीव्ही ते ओळखत नाही. मग लॅपटॉपला ते त्याच वेळी बदलत बसावं लागतं आणि तो दमतो, चित्र अडखळतं. आम्ही रात्रीच हँडब्रेक नावाच्या मोफत सॉफ्टवेअरनं ते एच.२६४ मध्ये बदलून ठेवतो.

आता महत्त्वाचं. एकच प्रत म्हणजे प्रत नाहीच. दुसरी हार्ड डिस्क पुण्याच्या लेकीकडे आहे. ती दिवाळीला माहेरी येते तेव्हा नवीन भरून परत नेते. पूर आला तरी दोन्हीकडे एकदम येणार नाही.

आणि प्रत्येकीला वेगळं नाव, वेगळा पासवर्ड. कुणी काय बघायचं तेही ठरवता येतं. सुनेच्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ सगळ्या भावकीला दाखवायचा की नाही, हे सुनेला विचारूनच ठरतं. मुख्य पासवर्ड फक्त घरातल्या मुलाकडे ठेवू नका. वहीत लिहून धान्याच्या कोठीजवळ नको, दागिन्यांच्या डब्यात ठेवा. सिनेमे भरू नका, आपल्या घरचंच भरा.

परवा जर्मनीतल्या नातीनं पणजीची ओवी लावली. इथं संध्याकाळ झाली होती, तिकडं दुपार. मावशी फोन कानाला लावून बसल्या होत्या. नात म्हणाली, "आजी, मधे बांगड्या वाजतात ना, त्या कुणाच्या?" मावशी म्हणाल्या, "माझ्या गं. मी जात्याला हात लावला होता."

तुमच्या घरातल्या कुणा म्हातारीचा आवाज अजून भरला नसेल, तर आज संध्याकाळीच भरा. संगणकाचं पुढच्या महिन्यात बघू.