नालासोपाऱ्याचं पाणी कुठं गेलं?

मागच्या भागात म्हटलं होतं, पुढच्या वेळी एका ग्रीक बंदराबद्दल बोलू. बऱ्याच जणांना वाटलं पिरेयस वगैरे. नाही हो. विरार लोकल पकडायची आणि नालासोपाऱ्याला उतरायचं. उतरता आलं तर!

'ग्रीक बंदर' हे मी जरा ताणून म्हणतोय, कबूल. शहर आपलंच. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं एक पुस्तक आहे. खलाशी आणि व्यापाऱ्यांसाठीची मार्गदर्शिकाच म्हणा. त्यात 'सुप्पारा' आहे. म्हणजे सोपारा.

डिसेंबरात बाबा चांदूर रेल्वेहून माझ्याकडे आले होते. मुंबईत काय बघायचं विचारलं तर म्हणाले, "समुद्र पाहून झाला. दुसरं काई दाखव." म्हणून रविवारी आम्ही सोपाऱ्याला गेलो. पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा केली. आजूबाजूला इमारती, आणि मधेच झाडांच्या सावलीत विटांचा मोठा ढिगारा. हाच स्तूप. गावातली माणसं त्याला बुरुड राजाचा कोट म्हणायची. 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत दगडी करंडक, त्यात एकात एक ठेवलेल्या डब्या, अगदी सोन्याची सुद्धा. भोवती आठ ब्राँझच्या बुद्धमूर्ती, आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला, आणि 1956 साली जवळच्या भुईगावला नवव्याचा.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बंदर होतं तं पाणी कुठी गेलं?"

बरोबर प्रश्न होता. पूर्वी वैतरणा आणि वसईची खाडी यांना जोडणारी एक खाडी इथून जायची. ती गाळानं भरत गेली. जहाज आत येईना, तेव्हा व्यापार दुसरीकडे गेला. एका दिवसात नाही, हळूहळू.

मग मी पेरिप्लसमधल्या गोष्टी सांगायला लागलो. जहाजं इजिप्तहून जुलैच्या सुमाराला निघायची, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर. बाबा म्हणाले, "म्हंजे आपली पेरणी आटोपली का त्यायचं निघणं." पैठण आणि तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं तेर, इथला माल गाड्यांवर लादून, रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जायचा. तेरहून कशाचा? साध्या कापडाचा आणि मलमलीचा. इथं बाबा एकदम सावध झाले. कापसाचा विषय निघाला की तसंच होतं.

आणि आता माझी आवडती जागा. पेरिप्लस सांगतं की कल्याण आधी खुली बाजारपेठ होती, पण संदनेस नावाच्या राजाकडे गेल्यावर तिथं अडवणूक सुरू झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज तिकडं गेलंच, तर पहाऱ्यात भडोचला नेलं जाई.

बाबा हसायला लागले. "हे तं एकाधिकार झालं!"

लहान श्रोत्यांसाठी सांगतो. 1972 पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्यानं कापूस सरकारी केंद्रावरच द्यायचा, राज्याबाहेर न्यायला बंदी. पलीकडे भाव जास्त दिसला की लोक रात्री बंड्या काढायचे. आमच्या आजोबांची बंडी एकदा नाक्यावर अडवली होती. बाबा तेव्हा शाळेत होते, बंडीत कापसावर झोपले होते. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्यांदा तिथं, स्तुपाच्या कट्ट्यावर बसून सांगितली. मी इतकी वर्षं घरी जातो, पण कधी विचारलंच नव्हतं.

थोड्या वेळानं, विटांकडेच बघत, म्हणाले, "औंदा वावर मक्त्यानं देतो म्हन्तो. तू काई येनार नाईस."

मला उत्तर सुचलं नाही. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही ठरवा." हे बोलायला नको होतं, असं आता वाटतं.

कार्ल्याच्या लेण्यांत यवनांनी दिलेले खांब आहेत, आणि सोपाऱ्याच्या माणसाची देणगीही आहे. तिकडे पुढच्या वेळी न्यायचं ठरलंय. परतताना लोकलमध्ये बाबांना खिडकी मिळाली. वसईची खाडी आली तेव्हा त्यांनी मला हलवून उठवलं.

"हे पाय," म्हणाले, "इथी हाये पाणी."