फळ्यावरचे तास



विट्यात भरलेल्या या शिक्षक अधिवेशनाचे अध्यक्षपद तुम्ही मला दिले आहे. वर्षभरातल्या घडामोडींचा आढावा अध्यक्षाने घ्यावा अशी प्रथा आहे. नवा अभ्यासक्रम आराखडा, संचमान्यता, घटती पटसंख्या, रिक्त जागा असे विषय पुष्कळ आहेत आणि त्यांवर दुपारच्या सत्रांत जाणकार बोलणार आहेत. मला मिळालेला वेळ मी एकाच प्रश्नाला देणार आहे. शाळेचे वर्ष लांबवले म्हणजे मुले जास्त शिकतात का? बरीच वर्षे हा प्रश्न मनात घर करून आहे आणि आज तो बोलूनच दाखवायचा आहे.

प्रश्न आताच निघण्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे. शैक्षणिक वर्ष १ एप्रिलपासून सुरू करावे, उन्हाळी सुट्टी कमी करावी, केंद्रीय मंडळाच्या शाळांसारखे वेळापत्रक आणावे, अशी चर्चा राज्यात सुरू आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने २५ एप्रिलपर्यंत चालवल्या गेल्या, तेव्हाच वारे कुठल्या दिशेने वाहते आहे ते कळले होते. यामागचा विचार सरळ दिसतो: मुले मागे आहेत, म्हणून दिवस वाढवा. हेतूबद्दल मला शंका नाही. पण आपण जे मोजतो आहोत ते शिकण्याचा वेळ नव्हे, ते शाळेचे कुलूप उघडल्याचे दिवस आहेत. मापच चुकले असेल, तर त्याच मापाने आणखी वीस दिवस मोजून घालून काय साधणार?

आधी कायदा पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १,००० तास अध्यापन असे लिहिले आहे. आपली माध्यमिक शाळा संहिता तर वर्षात कामाचे किमान २३० दिवस मागते आणि सर्व सुट्ट्या मिळून ७६ च्या वर जाऊ देत नाही. म्हणजे दिवसांच्या बाबतीत आपण कायद्याच्या पुढेच आहोत. पण कायद्याने दिवसांच्या शेजारीच तास लिहिले आहेत, आणि त्या आकड्याकडे कोणाचे लक्ष नाही. सुट्ट्यांची यादी मंजूर होते, कामाचे दिवस बेरजेत बसवले जातात, तपासणीला आलेले साहेब तीच बेरीज पाहून सही करतात. चौथीच्या वर्गात या वर्षी भागाकाराचे प्रत्यक्ष किती तास झाले, याचे उत्तर देणारा एकही रकाना कुठल्याही प्रपत्रात नाही.

वेळेला किंमतच नाही असे मी म्हणत नाही. तसे म्हणणारे शाळेचे तास कमी असलेल्या फिनलंडकडे बोट दाखवतात. तो दाखला मला पटत नाही. तिथले वर्ग, तिथली घरे, तिथल्या शिक्षकांची निवड, सारेच वेगळे. तिथला एक आकडा उचलून इथे आणता येत नाही. वेळ मोजूनच निर्णय करायचा तर जर्मनीचा पुरावा जास्त भक्कम आहे. १९६६-६७ मध्ये पश्चिम जर्मनीच्या बऱ्याच राज्यांनी शाळेचे वर्ष वसंतातून शरदात नेले. त्यासाठी दोन वर्षे आखूड केली, अभ्यासक्रम मात्र तेवढाच ठेवला. पिश्के या अर्थशास्त्रज्ञाने पुढे त्या मुलांचा अभ्यास केला. त्याला दिसले की त्याच वर्गात पुन्हा बसणाऱ्यांची संख्या वाढली आणि वरच्या शाळांत जाणारे कमी झाले. मोठेपणीच्या कमाईत मात्र तोटा आढळला नाही. लावी या दुसऱ्या अभ्यासकाने अनेक देशांतील मुलांचे गुण तपासले. अध्यापनाचे तास वाढले की गुण वाढतात, पण विकसनशील देशांत ही वाढ बरीच कमी पडते, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे तास महत्त्वाचा आहेच. तोच तास एका ठिकाणी फळतो आणि दुसऱ्या ठिकाणी का फळत नाही, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर शोधायला परदेशी जावे लागत नाही. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००८ च्या जूनमध्ये बिहारमध्ये मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराची उन्हाळी शिबिरे घेतली. शिकवणारे सरकारी शाळेतलेच शिक्षक होते. मुलांची इयत्ता बाजूला ठेवून, त्यांना जेवढे वाचता येते त्याप्रमाणे गट पाडले आणि वाचन-गणित एवढेच शिकवले. मुलांचे वाचन ठळकपणे सुधारले. हेच प्रशिक्षण आणि हेच साहित्य शिक्षकांच्या हाती देऊन त्यांना नेहमीच्या वर्गात, नेहमीच्या वेळापत्रकात सोडले, तेव्हा जवळपास काहीच फरक पडला नाही. शिक्षक तेच होते आणि मुलेही त्याच शाळांतली. शिबिरात शिक्षकाला एकच काम होते. वर्षभर त्याच्यामागे इयत्तेचा अभ्यासक्रम संपवण्याची घाई आणि इतर पन्नास कामे होती. कोणी म्हणेल, मग उन्हाळ्यात शाळा चालवण्याचीच ही शिफारस झाली. तशी ती नाही. शिबिरात यश आणले ते मोकळ्या हातांनी. तेवढी मोकळीक नोव्हेंबरात मिळाली, तर नोव्हेंबरातही मुले वाचतील.

२०२४ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतल्या ४८.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो. पाचवीत बसलेल्या मुलाचे कागदोपत्री किमान ८०० दिवस शाळेत गेलेले असतात. आठशे दिवसांत जे झाले नाही ते पुढच्या एप्रिलच्या वीस दिवसांत होईल, असे मानायला आधार काय?

आता आपल्या वाडीवस्तीवरची द्विशिक्षकी शाळा डोळ्यांसमोर आणा. पहिली ते चौथी, दोन खोल्या, दोन गुरुजी. कायद्याचे ८०० तास म्हणजे रोजचे चार. एकेका शिक्षकाकडे दोन वर्ग, म्हणून प्रत्येक वर्गाला रोज दोन तासच शिक्षक समोर मिळतो. बाकीचे दोन तास पाढे लिहा, शुद्धलेखन करा. वर्षाचे झाले ४०० तास. एक शिक्षक कामावर बाहेर गेला की उरलेल्याकडे चारही वर्ग येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला एकच तास उरतो. हजेरीपटावर तो दिवस पूर्ण भरलेला असतो. खिचडी शिजते, पटनोंदणी होते, माहिती भरली जाते. असे चाळीस दिवस धरू. प्रत्येक वर्गाचे ४० तास बुडाले, म्हणजे वर्षाचा दहावा हिस्सा. ते भरून काढायला पूर्ण वेळेचे २० जादा दिवस लागतील. पण जादा दिवस कधीचे द्यायचे म्हणतात? एप्रिलचे, जेव्हा आपल्याकडे सकाळची शाळा असते. ती तीन तासांची धरली, तर प्रत्येक वर्गाला दीड तास मिळतो आणि विसाचे जवळपास २७ दिवस होतात. पत्र्याखाली, टाकीत पाणी नसताना सत्तावीस दिवस मुले बसवायची आणि हाती काय लागणार, तर आपणच आधी काढून घेतलेले तास.

हे चाळीस दिवस जातात कुठे? एका वर्षाचे बोलतो. २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी २०२४, मागासवर्ग आयोगाचे घरोघर सर्वेक्षण, शिक्षक प्रगणक. ७ मे रोजी सांगली-साताऱ्यात लोकसभेचे मतदान, त्याची प्रशिक्षणे त्याआधी, परीक्षांच्या दिवसांत. २० नोव्हेंबरला विधानसभेचे मतदान, म्हणजे दिवाळीनंतर मुले जेमतेम वर्गात बसत असताना. मधल्या काळात मतदारयाद्या, आधार जुळवणी, अपार क्रमांक, यू-डायसची माहिती, नवसाक्षरांची नोंदणी, केंद्रावरच्या बैठका. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक वगळता शिक्षकाला दुसरे काम देऊ नये असे सांगते. निवडणूक हे राष्ट्रीय कर्तव्य आहे आणि ते आपण करू. पण त्या कर्तव्यात गेलेला तास चौथीच्या मुलाचा होता, ही नोंद कोठेतरी व्हायला नको का? शाळा बंद ठेवली तर तो दिवस भरून द्यावा लागतो. शिक्षक उचलून नेला तर काहीच भरून द्यावे लागत नाही. माझी तक्रार एवढी आणि एवढीच आहे.

शिक्षकांना सुट्टी सोडवत नाही म्हणून ही ओरड, असे चावडीवर बोलले जाते. या पहिल्या आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे. क्रेमर, मुरलीधरन हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या सरकारी प्राथमिक शाळांना न सांगता भेटी देऊन केलेल्या पाहणीत, देशात सरासरी चारातला एक शिक्षक गैरहजर आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत कमी. ही पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली आहे, जुनी आहे. पण महाराष्ट्रातला शिक्षक शाळेत पोहोचतो, एवढे तिने दाखवले. तो वर्गात उभा राहतो का, हे त्याच्या एकट्याच्या हातात नाही. मे महिन्यातला पंधरवडा मागा, आम्ही देऊ. बदल्यात जून ते मार्च फळ्यापासून आम्हाला हलवायचे नाही, असे लेखी द्या. हा सौदा कोणी पुढे करत नाही, यावरून आपण काय समजायचे?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. लांब सुट्टीत मुले विसरतात. संशोधक हॅरिस कूपर यांनी १९९६ मध्ये अमेरिकेतले अभ्यास एकत्र करून दाखवले, की उन्हाळ्यात सरासरी महिनाभराचे शिक्षण पुसले जाते. गणित अधिक, आणि वाचनात गरीब घरांतली मुले जास्त मागे पडतात. हे इथेही खरे असणार. पण विसरण्यावर उपाय जूनमध्ये करायचा. २०२१ मध्ये करोनाच्या सुट्टीनंतर राज्याने ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आणला. कल्पना योग्य होती. शाळा बंद असताना तो भ्रमणध्वनीवर चालला आणि पुढे मागे पडला. शाळा उघडल्यावरचे पहिले तीस दिवस नवे पुस्तक न काढता, मुलांचे इयत्तेऐवजी पातळीप्रमाणे गट करून, मागचे पक्के करावे. त्या तीस दिवसांत एकही बैठक नको, एकही प्रपत्र नको.

तिसरा आक्षेप या गावाचाच आहे. आई-वडील दोघेही यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळीत असतील, तर मे महिन्यात पोर सांभाळायचे कोणी? शाळा उघडी असली की ते सावलीत असते आणि एक वेळ जेवते. हे म्हणणे मला मनापासून मान्य आहे. २०१६ च्या दुष्काळात सर्वोच्च न्यायालयाने दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही मध्यान्ह भोजन चालू ठेवायला सांगितले, ते योग्यच होते. मुलांना सावली, जेवण आणि गोष्टीची पुस्तके मिळावीत यासाठी मे महिन्यात शाळेचे दार उघडे ठेवा. मदतनीस नेमा, त्यांना मानधन द्या. मात्र ते दिवस अध्यापनाच्या बेरजेत धरू नका. तसे धरले, तर वर्षभरात बुडालेले तास त्या बेरजेखाली कायमचे झाकले जातील.

आणि वर्ष कोणाचे, हेही विचारायला हवे. आटपाडी-जतकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती गुढीपाडव्याच्या आसपास परततात. मेंढरांमागे जाणारी घरे तर पावसाच्या तालावर हलतात. सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी परराज्यांत जाणाऱ्या गलाईवाल्यांची मुले कधी इथे आजीपाशी, कधी तमिळनाडूत, कधी पंजाबात. व्यंकटेश माडगूळकरांनी ‘बनगरवाडी’ ही कादंबरी लिहिली त्याला सत्तर वर्षे झाली. दुष्काळाने वाडी उठते आणि मास्तरची शाळा ओस पडते, ही गोष्ट याच मातीतली आहे. स्थलांतरित मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे आणि शिक्षण हमी कार्ड हे उपाय चांगले आहेत, पण ते मुलाला कॅलेंडरात बसवतात. कॅलेंडर मुलाकडे सरकवत नाहीत. उन्हाळ्यामुळे विदर्भातल्या शाळा उशिरा उघडतात हे राज्याने केव्हाच मान्य केले आहे. ऊन पाहून तारीख बदलते, तर ऊसतोड पाहून का बदलू नये? तोडीवरून आलेल्या मुलासाठी एप्रिलमध्ये सहा आठवड्यांचा स्वतंत्र वर्ग भरवा. ते जादा दिवस मी आनंदाने मोजीन, कारण ते ज्याचे बुडाले त्यालाच मिळतील.

या अधिवेशनाने काय करावे याचा पक्का आराखडा आज माझ्याकडे नाही. टेंभू सिंचन योजनेचे पाणी यायला किती वर्षे लागली हे या तालुक्याला माहीत आहे. कागदावरून शेतापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. तूर्त एक वही सुरू करू. दोनशे पानी, साधी, शाळेच्याच खर्चाची. चार रकाने: तारीख, वर्ग, शिक्षक प्रत्यक्ष समोर असलेले तास, आणि नसल्यास कोणत्या आदेशाने. शेरा नको, कारणमीमांसा नको, आदेशाचा जावक क्रमांक पुरे. मुख्याध्यापकांची रोज सही, महिन्याअखेरीस शाळा व्यवस्थापन समितीच्या पालक सदस्यांची. रकान्यांत बदल सुचवायचे असतील तर दुपारी सुचवा. नमुन्याचे पान प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर ठेवले आहे, जाताना प्रत्येक शाळेने एक घेऊन जावे.