रुग्णाला सीमा नसते
(संघटनेच्या सभेत झालेले भाषण)



आज मी आपल्या सीमेबद्दल नव्हे, दुसऱ्या एका सीमेबद्दल बोलणार आहे. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या भीतीने कर्नाटक सरकारने केरळकडचे रस्ते मातीचे ढीग टाकून बंद केले. कासरगोडचे लोक वर्षानुवर्षे उपचारासाठी मंगळुरूला जातात. त्यांच्या रुग्णवाहिका तलपाडी नाक्यावर अडल्या. उपचाराविना माणसे दगावली. केरळ उच्च न्यायालयाने १ एप्रिलला रस्ते खुले करण्याचा आदेश दिला, तर कर्नाटक सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर ७ एप्रिलला तातडीच्या रुग्णांना सोडण्याबाबत समझोता झाला.

आता हे पाहा. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव म्हैसूर राज्यातच ठेवावे, शिवाय कासरगोडचा चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भागही त्या राज्याला द्यावा, अशी शिफारस केली. हाच अहवाल अंतिम, असे कर्नाटकाचे पुढारी आपल्याला ऐकवत आले. म्हणजे कासरगोडची जमीन हवी, पण तिथला आजारी माणूस नको!

साथीत तपासणी हवीच, त्याबद्दल वाद नाही. पण रुग्णवाहिका अडवणे म्हणजे तपासणी नव्हे. चंदगड तालुक्यातले कितीतरी रुग्ण बेळगावातच येतात. तेव्हा महाराष्ट्र व कर्नाटक सरकारांनी रुग्णवाहिकांसाठी आजच लेखी करार करावा. मते मागायला येणारा पुढारी कोणत्याही पक्षाचा असो, त्याला हा प्रश्न विचारा. सीमाप्रश्नाचा निकाल लागेल तेव्हा लागो. रुग्णाला तेवढा वेळ नसतो.

जय महाराष्ट्र!