कर्जाचं कारण : स्वतःचं शिक्षण

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका सदस्य ताईंनी केलेलं भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत सातव्या नंबरला एक ठराव आहे. सदस्य बाईला तिच्या स्वतःच्या शिक्षणासाठी गटातून कर्ज मिळावं की नाही, असा तो ठराव. मांडलाय मी, म्हणून बोलायचंही मीच असं ठरलं. दहा मिनिटं दिलीत, बघू कितीत आवरतं ते.

मी यंदा बी.ए. झाले, समाजशास्त्र घेऊन. वय ४२. लेक बारावीला आणि आई शेवटच्या वर्षाला, असं आमच्या घरात एकाच वेळी चाललं होतं. एक कंपास दोघींत.

शिकले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून. १९८९ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ नाशिकला आहे, पण शिकायला नाशिकला जावं लागत नाही. तालुक्याच्या कॉलेजात त्यांचं अभ्यासकेंद्र असतं. पुस्तकं मराठीत, घरी बसून एकटीला वाचता येतील अशी लिहिलेली. सुट्टीच्या दिवशी तास होतात, त्याला संपर्कसत्र म्हणतात. मग स्वाध्याय लिहून द्यायचे आणि परीक्षेला बसायचं. अमेरिकेत कामकरी माणसांसाठी जवळच्या जवळ, कमी फीची कम्युनिटी कॉलेजं असतात. तिथे दिवसा दुकानात काम करणारी बाई संध्याकाळी वर्गात बसते. आपल्या भागात ते काम हे अभ्यासकेंद्र करतं, असं मला वाटतं.

पहिल्या वर्षाच्या फीसाठी मी गटात कर्ज मागितलं होतं. फी एका शेळीच्या किमतीपेक्षा कितीतरी कमी. पण गटानं दिलं नाही. कोणी वाईट बोललं नाही हो, मायेनंच म्हणाल्या, "अगं, आता या वयात कशाला? पोरीच्या शिक्षणाला माग, लगेच देतो." ठराव-वहीत लिहिलं गेलं, कारण अनुत्पादक. शेवटी भाऊबीजेच्या ओवाळणीतून फी भरली.

आता तुम्ही म्हणाल, समाजशास्त्र म्हणजे काय आणि ते शिकून बाईला काय मिळतं. शिवणकाम, पार्लर, पापड, हे सगळ्यांना कळतं. हे कशात बसवायचं?

मी तुम्हाला एका स्वाध्यायाची गोष्ट सांगते. आपल्या वस्तीतल्या काही बायकांचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस लिहून आणायचा होता. मी बारा जणींकडे गेले. पहिलाच प्रश्न, "काय काम करता?" बाराजणींतल्या नऊ जणी म्हणाल्या, "काही नाही, घरीच असते." मग मी प्रश्न बदलला. उठता किती वाजता? उठल्यावर पहिलं काय? मग काय? असं विचारत गेले तर एकेकीची दोन पानं भरली. चूल, पाणी, शेण, डबे, भांडी, धुणं, सासऱ्यांच्या गोळ्या, खुरपणी, परत चूल. एक वहिनी स्वतःचीच यादी ऐकून म्हणाल्या, "एवढं मी करते होय?"

हेच काम सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर केलं. कोण दिवसाचा वेळ कशात घालवतं, याची पाहणी. सहा वर्षांवरच्या १०० बायका-मुलींपैकी ८१ जणी रोज बिनपगारी घरकाम करतात, १०० पुरुषांपैकी २६. आणि जे करतात त्यांच्यात बाईची सरासरी २९९ मिनिटं, पुरुषाची ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास. मुलांचं आणि आजारी माणसाचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं मोजलंय. हे आकडे वाचले त्या रात्री मी भांडी तशीच ठेवून झोपले. (हसू नका, खरं आहे.)

त्या वहीचा पुढे उपयोग झाला. आमच्या आळीला नळाचं पाणी दुपारी बाराला सुटायचं. मजुरीला जाणाऱ्या बाईचा त्यासाठी अर्धा रोज बुडायचा, नाहीतर पोरीला शाळेतून घरी यावं लागायचं. तक्रार पूर्वी चारदा केली होती. ग्रामसभेत मी तक्रार केलीच नाही. आठ बायकांचे दिवस वेळेसकट वाचून दाखवले. आता पाणी सकाळी साडेसहाला सुटतं. याला उत्पादक म्हणायचं की अनुत्पादक, ते हिशेबनीस ताईंनी सांगावं.

दुसरी गोष्ट माझ्या सासूबाईंची. त्यांना अक्षरओळख नाही. एका संध्याकाळी मी १९७२ च्या दुष्काळाचा धडा मोठ्यानं वाचत होते. दुष्काळी कामं, मग त्यातून झालेला १९७७ चा रोजगार हमीचा कायदा, त्यामागे वि. स. पागे यांची धडपड. मागेल त्याला काम देणारा कायदा आपल्या राज्यानं केला आणि देशाचा कायदा व्हायला २००५ साल उजाडलं. सासूबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "त्या कामावर मी होते की. खडी फोडायला." मग त्यांनी सुकडी कशी मिळायची, मिलो ज्वारीची भाकरी कशी लागायची, पाळण्यातलं पोर झाडाला बांधून काम कसं करायचं, ते सगळं सांगितलं. पुस्तकात दीड पान होतं, सासूबाईंकडे दोन रात्री पुरेल एवढं. त्यानंतर माझ्या अभ्यासाच्या वेळी घरात टीव्ही लागला की बंद करायला त्याच उठायच्या.

सगळे धडे असे गोड नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१६ साली, वयाच्या पंचविशीत, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जातीवर एक निबंध वाचला होता. त्यांचं म्हणणं असं की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्नं लावून, आणि ती तशी लागावीत म्हणून बाईवर बंधनं घातली जातात. सती, विधवेचा पुनर्विवाह बंद, लहानपणी लग्न, या सगळ्याची मुळं त्यांनी तिथे दाखवली. मी तो धडा तीनदा वाचला. मग आपल्या गटांच्या याद्या डोळ्यापुढे आल्या. एका गटात एका आळीच्या बायका, म्हणजे बहुतेक एका जातीच्या. तसा नियम कुठेच नाही. सोयीनं झालंय असं आपण म्हणतो. पण सभेला कोणाच्या घरी चहा घेतो आणि कोणाच्या घरी "आत्ताच झाला" म्हणतो, ते प्रत्येकीनं आठवून बघावं. हे इथं बोलू की नको, असा मी दोन दिवस विचार करत होते. बोलले.

आणि काही धडे नुसते मजेचे. इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेसंबंधांवर १९५३ साली मोठा ग्रंथ लिहिला. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्यात कोणाला काही वाटत नाही. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी असं लग्न म्हणजे बहीणभावाचं लग्न, पाप. आपल्याला जे देवानं ठरवलंय असं वाटतं, ते दोन राज्यं ओलांडली की बदलतं. हे कळल्यापासून "आपल्यात असं चालत नाही" हे वाक्य ऐकलं की मी विचारते, कधीपासून?

आता ठरावाकडे येते. मी आमच्या गटाची चार वर्षांची कर्जवही काढून बघितली. कर्ज बाईच्या नावावर, सही किंवा अंगठा बाईचा, हप्ता बाई भरते. कारणाच्या रकान्यात बियाणं, मोटारसायकलची दुरुस्ती, दवाखाना, घराची कौलं, लग्न, मुलांची फी. बाईच्या स्वतःच्या शिक्षणासाठी एकही नाही.

विचारतील म्हणून आधीच सांगते. बी.ए. करून मला नोकरी लागली का? नाही लागली. मग असं कर्ज फेडणार कशातून? लेकीच्या लग्नाचं कर्ज ज्यातून फेडतो त्यातूनच. मजुरी, दूध, कोंबड्या. लग्नाच्या कर्जाला आपण कधी विचारलं नाही, यातून उत्पन्न काय येणार म्हणून.

ठराव साधा आहे. शिक्षण कर्ज सदस्य बाईलाही मिळावं, व्याज आणि हप्ते मुलांच्या शिक्षण कर्जाला आहेत तेच. दहावी-बारावी राहिलेलीलाही ते लागू व्हावं. बारावी झालेली बाई सरळ बी.ए.ला जाऊ शकते. जिची दहावी राहिली तिला १७ नंबरचा फॉर्म भरून बोर्डाची परीक्षा देता येते, नाहीतर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून. नेमके नियम आणि तारखा दरवर्षी बघूनच घ्याव्या लागतात. आणि एकटीनं चौकशीला जाऊ नका. मी एकटी गेले होते, तेव्हा एका खिडकीवरच्या माणसानं "मुलीचा फॉर्म का?" विचारून मला दुसऱ्या रांगेत पाठवलं. चौघी गेलात तर विचारणार नाही.

माझी तिन्ही वर्षांची पुस्तकं मी पिशवीतून आणलीत, मागे पाण्याच्या पिंपाजवळ ठेवलीत. जेवणाच्या सुट्टीत चाळा. कोणाला न्यायची असतील तर वहीत नाव लिहून न्या. मतदान सुट्टीनंतर आहे.