रुग्णामुळे काय बदललं?



स्नातकहो, सांगलीतलं एक काम तुम्हाला ठाऊक असायला हवं. १९९२ साली मीना सेशू यांच्या 'संग्राम' संस्थेने इथे एचआयव्ही प्रतिबंधाचं काम हाती घेतलं. कार्यकर्त्यांनी निरोध वाटायचे आणि वेश्यावस्तीतल्या बायकांनी मुकाट घ्यायचे, ही एरवीची रीत. संग्रामने वाटपच गोकुळनगर या वस्तीतल्या बायकांच्या हाती दिलं. कुठल्या गल्लीत किती वाजता जायचं, आधी कोणत्या घरवालीशी बोलायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? १९९६ मध्ये या बायकांची स्वतःची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. काम पुढे साताऱ्यापर्यंत पोचलं.

मी त्या काळी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात उमेदवारी करत होतो. तिथे उलटंच चित्र: एचआयव्हीबाधिताच्या केसपेपरवर लाल शाईची खूण, खाट कोपऱ्यात, ऑपरेशनची तारीख पुढे पुढे. चाचणी करताना रुग्णाला कुणी विचारत नसे; निकाल मात्र वॉर्डबॉयला त्याच्याआधी कळे. याबद्दल एका वरिष्ठांना छेडलं, तर म्हणाले, "पेशंटला काय कळतंय?" ओपीडीत हे वाक्य आजही कानावर येतं आणि आजही तितकीच चीड येते. एचआयव्हीच्या चाचणीआधी संमती घेणं बंधनकारक करायला २०१७ चा कायदा यावा लागला. तो लागू व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला.

आता रुग्णसहभाग सगळ्यांनाच हवा आहे, मोजूनही हवा आहे. पण मोजतात काय? सरकारी रुग्णालयांतल्या रुग्ण कल्याण समितीच्या बैठका, हजेरीच्या सह्या, अभिप्रायाचे फॉर्म. त्या समितीत रुग्ण कोण, असं विचारून बघा.

वेगळं मोजमाप महाराष्ट्रातच झालेलं आहे. २००७ पासून पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली. समन्वय पुण्याच्या 'साथी' संस्थेकडे होता. गावकऱ्यांनी आरोग्यसेवांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग दिले आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना जाब विचारला. पहिल्या फेरीत ४८ टक्के सेवा 'चांगल्या' ठरल्या होत्या, तिसऱ्या फेरीत ६६ टक्के. हे गुण गावकऱ्यांच्या मताचे आहेत, हे मान्य. तरी लाल रंग पडलेल्या ठिकाणी औषध आलं का, पैसे मागणं थांबलं का, हे त्या रंगांच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारता येतं. सह्यांच्या वहीवरून ते विचारता येत नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. साताऱ्यात, सांगलीत, जिथे रुजू व्हाल तिथल्या समितीच्या इतिवृत्तात एक रकाना वाढवा: रुग्णांच्या सांगण्यावरून या महिन्यात कोणता निर्णय बदलला? वर्षभर तो रकाना कोरा राहिला, तर बैठका कितीही झालेल्या असोत, अहवालात सहभाग शून्य लिहा आणि खाली स्वतःची सही करा.