तरंगायला काय लागतं?

आम्ही सिंचनाच्या खात्यात नोकरी करतो. डिप्लोमा झाल्यापासून कालवे, पाणी, दरवाजे हेच केलं. म्हणून मंडळाने फर्मावलं, विसर्जनाच्या आधी पाण्यावर बोला.

समोर घंगाळ ठेवलंय. पितळेची वाटी सरळ सोडली, तरंगली. आडवी सोडली, तळाला गेली. वजन तेच. वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो. आर्किमिडीजचं सांगणं एवढंच. वाटीत पाणी शिरलं की ती फक्त आपल्या धातूइतकं पाणी सारते, आणि पितळ पाण्याच्या आठपटीहून जड. पोकळ पीओपीची मूर्ती तरंगत राहते ती आतल्या हवेमुळे. भरीव शाडूची तळ गाठते. बाप्पाच्या रागालोभाशी त्याचा संबंध नाही!

माणसाचं गणित मात्र अगदी काठावरचं. छाती भरून श्वास घेतलेला 60 किलोचा माणूस पूर्ण पाण्याखाली असला, तर आपल्या वजनापेक्षा जेमतेम दीड-दोन किलो जास्त पाणी सारतो. शिल्लक तेवढीच. ओरडलं की श्वास जातो, शिल्लक संपते. दोन्ही हातांचं वजन सुमारे 6 किलो. ते पाण्याबाहेर काढले की तेवढा भार डोक्याला खाली ढकलतो.

तीन वर्षांपूर्वी नर्मदेच्या घाटावर आमच्यातलाच एक मुलगा पाय घसरून खोल पाण्यात गेला. हात वर करून ओरडत होता. म्हणून तर आम्हाला दिसला, आणि म्हणूनच बुडत होता. आम्ही नुसते बघत राहिलो, खोटं कशाला बोला. एका काकूंनी नर्मदेचं पाणी घरी न्यायला 5 लिटरचा कॅन आणला होता, अजून भरला नव्हता. त्यांनी झाकण घट्ट लावून तो भिरकावला. रिकामा कॅन जवळजवळ 5 किलोचा आधार देतो, म्हणजे साधारण डोक्याच्या वजनाइतका. मुलाने तो छातीशी धरला, तोंड वर राहिलं, मग नाववाला पोहोचला.

यंदा दोरी बांधलेले दहा कॅन घाटावर न्यायचे ठरवलंय. कोणी पडलं तर मागोमाग उडी मारू नका, कॅन फेका. घरी रिकामे असतील तर अनंत चतुर्दशीच्या आधी मंडळात आणून द्या. झाकणासकट.