खर्चाचे पूर्वनियोजन आणि परिग्रह-परिमाण



गृहस्थाला अकस्मात वाटणारे पुष्कळसे खर्च वास्तविक अकस्मात नसतात. अपत्य जन्माला येते, त्याच दिवशी त्याच्या उच्च शिक्षणाचे वर्ष साधारणपणे निश्चित झालेले असते. जुन्या घराचे छप्परही दोन-तीन पावसाळे आधीपासून सूचना देत असते. श्रवणबेळगोळ येथील महामस्तकाभिषेक २००६ व २०१८ मध्ये झाला. बारा वर्षांच्या परंपरेनुसार पुढील योग २०३० चा आहे.

तरीही असा खर्च दारात उभा राहिला की कुटुंबाची धावपळ होते. उसाचे बिल आलेले असते, पण ते पीककर्जात वळते झालेले असते. मग दागिने गहाण पडतात, हातउसने घेतले जाते. विवाहसोहळा दोन दिवसांत आटोपतो. हप्ते मात्र वर्षानुवर्षे चालतात, आणि त्यांची पहिली झळ बहुधा धाकट्या भावंडाच्या शिक्षणाला बसते.

श्रावकाच्या पाच अणुव्रतांपैकी पाचवे परिग्रह-परिमाण. त्याचे मर्म असे की, मर्यादा मोह उत्पन्न होण्यापूर्वी ठरवायची असते. मंगल कार्यालय, भोजनाचे पदार्थ, आहेर यांची मर्यादा निमंत्रणपत्रिका छापण्याआधी घरातील सर्वांनी एकत्र बसून ठरवावी. शेजारच्या मांडवाकडे पाहून ठरलेला आकडा मर्यादा नव्हे, स्पर्धा होय.

यासाठी एक साधी वही पुरे. येत्या पाच वर्षांतील मोठे खर्च, त्यांचे वर्ष आणि अंदाजी रक्कम तीत लिहावी. तीन वर्षांनी ३,६०,००० रुपये लागणार असतील, तर दरमहा १०,००० रुपये बाजूला पडले पाहिजेत. हे शक्य नसेल, तर खर्च कमी करावा किंवा मुदत वाढवावी. हा निर्णय आज घेणे सोपे, ऐनवेळी कठीण. शेतकरी कुटुंबाने मासिक हप्त्याऐवजी बिल येताच ठरलेला वाटा वेगळा काढावा.

दोन-तीन वर्षांत लागणारा पैसा शेअर बाजारात गुंतवू नये. गरजेच्या वेळीच बाजार पडलेला असू शकतो. त्यासाठी आवर्त ठेव किंवा मुदत ठेव योग्य. बँकेतील ठेवींना २०२० पासून प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. सहकारी पतसंस्थांतील ठेवींना ते लागू नाही, हे केवळ जास्त व्याजदर पाहणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आजारपणासाठीची रक्कम मात्र निराळी व तत्काळ हाती येणारी असावी.

हाच विवेक दानालाही लागू आहे. पंचकल्याणक पूजेतील सवाल भावनेच्या भरात बोलला जातो. नंतर त्याच्या वसुलीची वेळ आली तर दात्याला संकोच आणि मंदिराला अडचण होते. आहार, औषध, शास्त्र व अभय या चारही दानांसाठी वर्षारंभी वाटा राखून ठेवणारा श्रावक लहान रक्कम देतो, पण ती निःशंक मनाने देतो.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली. संस्थेच्या वसतिगृहांना घरोघरच्या मुष्टिफंडाने आधार दिला. रोज बाजूला ठेवलेल्या मूठभर धान्याने बहुजनांची मुले शिकली. तीच मूठ प्रत्येक घराने स्वतःच्या उद्यासाठी राखली, तर सोहळा ऋणाविना होईल आणि ऋणाविना झालेला सोहळाच खऱ्या अर्थाने मंगल ठरेल.

जय जिनेन्द्र.